हार्डविक हॉल : दगडी घर म्हणायचं की काचेचं?

घाटपायथा
नमस्कार मंडळी. एम वन मोटरवेने नॉटिंगहॅमकडून वर शेफील्डच्या दिशेने निघालात की जंक्शन २९ यायच्या थोडं आधी उजव्या हाताला टेकडीवर एक घर दिसतं. अख्खं दगडी, डोक्यावर सहा चौकोनी बुरूज आणि भिंतींत नुसत्या खिडक्याच खिडक्या. हार्डविक हॉल, डर्बीशायर. बांधकाम १५९० ते १५९७. बांधून घेणारी बाई म्हणजे श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ टॅल्बट, जिला सगळे बेस ऑफ हार्डविक म्हणतात. 'हार्डविक हॉल, मोअर ग्लास दॅन वॉल' अशी म्हणच आहे तिकडे.

मागच्या महिन्यात एकदाचा आत जाऊन आलो आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. दगडी घर म्हटलं की मला जाड भिंत, बारकी खिडकी, आत गारवा असंच आठवतं. इथे सगळं उलटं. वर लोखंडी गर्डर नाही, काँक्रीट नाही, नुसता दगड, चुना आणि लाकूड. मग एवढ्या भिंतीत भोकं पाडून हे घर सव्वाचारशे वर्षं उभं कसं राहिलं? आणि दुसरं म्हणजे वर जाऊ तशा खिडक्या मोठ्या होत जातात. तळमजल्यावर लहान, पहिल्या मजल्यावर मध्यम, सगळ्यात वर अवाढव्य. माझ्या अडाणी बुद्धीला वाटतं की वजन खाली येतं हे खरं पण वरची भिंत तरी कशावर टेकलीय? जाणकारांनी प्रकाश टाकावा, खिडक्या भरपूर आहेत.

माडीवरची_मंदा
पहिला प्रतिसाद माझा! मला फक्त एवढंच सांगा की त्या खिडक्या पुसायला किती बायका लागत असतील.

फुकटफौजदार
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आता काळाकभिन्न येणार आणि सह्याद्रीचा बेसाल्ट कसा भारी ते सांगणार.

चुन्याचा_डबा
घाटपायथा, छान प्रश्न. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे, हार्डविकवर काम केलेलं नाही पण बघितलंय निवांत.

पहिली गोष्ट, बाहेरून बघून फसायचं नाही. ह्या घराचा खरा दगडी सांगाडा आत आहे. त्या काळच्या बऱ्याच घरांत फायरप्लेस आणि धुरांडं बाहेरच्या भिंतीत असायचं, म्हणजे भिंतीचा बराच भाग त्यातच जायचा आणि खिडक्यांना जागा उरायची नाही. इथे सगळी धुरांडी आतल्या भिंतींत घेतलीत. आतल्या भिंती त्यामुळे जाड झाल्या, वजन पेलायला तयार झाल्या, आणि बाहेरची भिंत मोकळी झाली. हीच मुख्य युक्ती.

दुसरं, ते सहा बुरूज शोभेचे नाहीत. आराखडा बघा, लांबट चौकोन, पुढच्या बाजूला दोन बुरूज, मागच्या बाजूला दोन, आणि दोन टोकांना एकेक. त्यामुळे सलग सपाट भिंत अशी फार लांब कुठेच जात नाही, थोडं अंतर गेलं की काटकोनात वळते. लग्नपत्रिका सपाट उभी करून बघा आणि मग घडी घालून उभी करून बघा, कळेल. शिवाय खिडकी खिडकी म्हणतो ती एक सलग काच नाहीच. मध्ये दगडाचे उभे दांडे आहेत, मुलियन म्हणतात त्यांना, आणि आडवे दांडे, ट्रान्सम. म्हणजे खिडकीच्या आत दगडाची जाळी आहे आणि वरच्या कपाळपट्टीचं वजन एकेका छोट्या गाळ्यावर विभागून येतं. काच तर त्या काळी मोठी मिळतच नव्हती, लहान लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे आणि मागे लोखंडी सळया द्यायच्या नाहीतर वाऱ्याने सगळा पडदा फुगतो.

वर मोठ्या खिडक्या का, त्याचं उत्तर निम्मं हेच की वर भिंतीवर बोजा कमी असतो त्यामुळे वर भोक मोठं ठेवणं सोपं, तळाशी अवघड. उरलेलं निम्मं उत्तर बांधकामाचं नाही, दिमाखाचं आहे. त्यावर कोणीतरी इतिहासवाल्याने लिहा.

काळाकभिन्न
फुकटफौजदार, आलो रे बाबा.
तो दगड सँडस्टोन आहे, वाळूचा दगड. टेकडीच्या पायथ्याशीच खाण होती, तिथूनच काढला. मऊ असतो, खाणीतून ताजा निघाला की छिन्नीला चांगला लागतो म्हणून असले सरळ रेषेतले दांडे, कपाळपट्ट्या, वरची कोरीव अक्षरं सगळं जमलं. आपल्या काळ्या पाषाणात एवढी दगडी जाळी करायची म्हणजे पाथरवटांच्या दोन पिढ्या लागल्या असत्या. पण मऊ दगडाची किंमत नंतर मोजावी लागते. पाऊस आणि दंव पिऊन पापुद्रे सुटतात, कोपरे झिजतात, दर काही वर्षांनी कुठला ना कुठला दगड बदलत बसा. आमचा राजगड बघा, आहे का कुणी दगड बदलायला?

डर्बीत_डोंबिवलीकर
काका, राजगडावर खिडक्या किती आहेत तेही सांगा.

माडीवरची_मंदा
हहपुवा (हसून हसून पुरती वाट!)

टॅक्सग्रस्त
एक शंका. हार्डविकच्या काही खिडक्या खोट्या आहेत, मागे भिंतच आहे असं कुठेतरी ऐकलंय. ते विंडो टॅक्समुळेच ना? खिडक्या मोजून कर घ्यायचे म्हणून लोकांनी बुजवून टाकल्या? 'डेलाइट रॉबरी' वगैरे.

डर्बीत_डोंबिवलीकर
नाही हो. विंडो टॅक्स आला १६९६ ला आणि गेला १८५१ ला. हे घर त्याच्या शंभर वर्षं आधी बांधून झालेलं. इंग्लंडात कुठेही बुजवलेली खिडकी दिसली की गाईड विंडो टॅक्सची गोष्ट सांगून मोकळा होतो, बऱ्याचदा ती खिडकी मुळातच बाहेरून दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून केलेली असते. ह्या लोकांना सिमेट्रीचं भयंकर वेड. बाहेरून डावं-उजवं एकसारखं पाहिजे, आत मग जिना येवो की धुरांडं येवो.

सुमेधा_ब्रिस्टल
मी दोनदा गेले आहे आणि मला सांगायचंय ते वेगळंच. बाहेरून एवढी काच बघून आत गेलात तर आत चक्क अंधार असतो! ब्लाइंड्स खाली ओढलेले असतात. कारण आतमध्ये सोळाव्या शतकातले पडदे, भरतकाम, टॅपेस्ट्री (म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं) आहेत आणि उजेडाने रंग उडतात. म्हणजे बाईंनी उजेडासाठी घर बांधलं आणि आता त्यांच्याच सामानाला उजेड सोसत नाही.

लाँग गॅलरीत बायबलमधल्या गिडियनची गोष्ट विणलेल्या तेरा टॅपेस्ट्री आहेत. गॅलरी जवळजवळ १६० फूट लांब. त्या टॅपेस्ट्री मुळात सर क्रिस्टोफर हॅटनच्या होत्या, तो वारल्यावर बेसने १५९२ मध्ये त्याच्या वारसाकडून घेतल्या. त्यावर हॅटनची चिन्हं विणलेली होती, ती झाकून स्वतःची लावायला खर्च येणार म्हणून बाईंनी घासाघीस करून किमतीतून पाच पौंड कमी करून घेतले! ते वाचून मला आमच्या आत्याबाई आठवल्या, लक्ष्मी रोडवर साडीचा फॉल बिडिंग फुकट करून घेतात त्या. नॅशनल ट्रस्टने, म्हणजे आता हे घर सांभाळणाऱ्या संस्थेने, ह्या टॅपेस्ट्री एकेक करून दुरुस्त केल्या, २४ वर्षं चाललं ते काम, २०२३ ला संपलं.

फुकटफौजदार
आत्याबाईंना काउंटेस करा.

घाटपायथा
चुन्याचा_डबा, धन्स! आतल्या भिंतीतली धुरांडी हे डोक्यातच आलं नव्हतं. आत फिरताना फायरप्लेस बघितल्या पण त्या बाहेरच्या भिंतीत नाहीत हे काही लक्षात आलं नाही.
सुमेधाताई, अंधाराबद्दल सहमत. हाय ग्रेट चेंबरमध्ये भिंतीवर वर जो रंगीत प्लास्टरचा पट्टा आहे, जंगल, हरणं, शिकारीची देवी डायना, तो बघायला मान वर करून डोळे ताणावे लागले.

रविवारचा_वाचक
ह्या घरात स्कॉटलंडची राणी मेरी कैदेत होती ना? तिच्या नावाची खोली पण आहे म्हणतात.

इतिहासाची_ओढणी
खोली तिच्या नावाची आहे पण ती इथे कधीच राहिली नाही. मेरीला १५८७ च्या फेब्रुवारीत फोदरिंगे इथे मारलं, हे घर सुरू झालं १५९० ला. गल्लत कशी होते तर बेसचा चौथा नवरा, श्रूजबरीचा सहावा अर्ल जॉर्ज टॅल्बट, त्याच्याकडे १५६९ पासून पंधरा वर्षं मेरीला नजरकैदेत ठेवायची जबाबदारी होती. ती चॅट्सवर्थला, शेफील्डला, टटबरीला वगैरे होती. बेस आणि मेरी बरोबर बसून भरतकाम करायच्या. पुढे नवरा-बायकोचं फाटलं, त्यालाही मेरीचा खर्च आणि संशय हे एक कारण होतं.

आणि चुन्याचा_डबा यांनी निम्मं उत्तर आमच्यावर ढकललंय म्हणून लिहिते. तीन मजल्यांची विभागणी अशी की तळाशी स्वयंपाकघर, नोकरचाकर. मधल्या मजल्यावर बाईंचं रोजचं राहणं. सगळ्यात वर दरबारी मजला, म्हणजे हाय ग्रेट चेंबर आणि लाँग गॅलरी. पाहुण्याला खालच्या हॉलमधून दगडी जिन्याने वर न्यायचं, तो जिना रुंद आहे, वळत वळत घराच्या पोटातून जातो, मध्येच अंधार मध्येच उजेड, आणि वर पोचलं की एकदम उंच छत, प्रचंड खिडक्या आणि भिंतीवर मधोमध राणी एलिझाबेथचं राजचिन्ह. म्हणजे मजला जितका महत्त्वाचा तितका उंच आणि तितकी काच जास्त. बाहेर उभ्या माणसालाही खिडक्यांच्या उंचीवरून कळतं की कुठल्या मजल्यावर कोण.
काच तेव्हा इतकी महाग की लोक ती घराचा भाग न समजता सामान समजायचे, मृत्युपत्रात खिडक्यांच्या काचा वेगळ्या लिहून ठेवायचे.

माडीवरची_मंदा
आमच्या वाड्यातही दिवाणखाना माडीवरच होता, फक्त काचेऐवजी लाकडी गज होते आणि वर जाताना पाहुण्यांचं डोकं तुळईला आपटायचं. राणी आली होती का शेवटी?

इतिहासाची_ओढणी
नाही आली. एलिझाबेथ कधीच इतकी उत्तरेला गेली नाही. पण बेसचा डाव बहुतेक वेगळाच होता. तिची नात आर्बेला स्टुअर्ट हिचा इंग्लंडच्या गादीवर हक्क लागत होता. ती आजीच्या नजरेखाली वाढली आणि पुढे ह्या घरातही राहिली. उद्या नात राणी झाली तर राणीला शोभेल असं घर तयार पाहिजे, असं बरेच अभ्यासक म्हणतात. मला पटतं. गादी मिळाली १६०३ ला पहिल्या जेम्सला, आणि आर्बेलाचा शेवट टॉवर ऑफ लंडनमध्ये झाला.

पुणेरी_तिरका
सगळे कौतुकात बुडालेत म्हणून मी जरा मीठ टाकतो. मला हे घर कुरूप वाटतं. स्पष्टच सांगतो. लांबून एखादं सरकारी ऑफिस वाटतं, चौकोनावर चौकोन. आणि बुरुजांच्या माथ्यावर सगळीकडे स्वतःची अक्षरं, ई एस, ई एस (एलिझाबेथ श्रूजबरी), वर मुकुट. आपल्याकडे कोणी बंगल्यावर एवढ्या वेळा स्वतःचं नाव कोरलं असतं तर आपणच नावं ठेवली असती. इंग्रजांनी केलं की हेरिटेज. जवळच बेकवेलला हॅडन हॉल आहे तो बघा, बाराव्या ते सतराव्या शतकापर्यंत थोडं थोडं वाढत गेलेला, वाकडा तिकडा, जिवंत. तिथल्या लाँग गॅलरीतल्या काचेच्या चौकटी जरा फुगीर आहेत, प्रत्येक तुकडा वेगळ्या कोनात बसलाय त्यामुळे बाहेरून बघितलं की खिडकी चकाकते. ते आर्किटेक्चर. हार्डविक म्हणजे नुसता पैसा.

डर्बीत_डोंबिवलीकर
तिरके, हॅडन सुंदरच आहे, पण ते कुणी एकाने ठरवून केलेलं घर नाही, साचत गेलेलं आहे. दोन्हीची तुलनाच होत नाही. हार्डविकमध्ये एका डोक्यातून अख्खं घर निघालंय, तेच तर त्याचं वैशिष्ट्य. एक उदाहरण देतो. जुन्या इंग्रजी घरात ग्रेट हॉल हा घराच्या लांबीला समांतर असायचा, दारातून शिरलं की एका टोकाने आत. इथे हॉल आडवा फिरवलाय, पुढच्या दारापासून थेट मागपर्यंत घराच्या बरोबर मधोमध. एवढा एक बदल केला आणि दोन्ही अंगं सारखी करता आली. इंग्लंडात असं करणाऱ्या अगदी पहिल्या घरांपैकी हे आहे.

पुणेरी_तिरका
एका डोक्यातून म्हणता, कुणाच्या? बाईंच्या की रॉबर्ट स्मिथसनच्या? आर्किटेक्ट तो होता ना?

चुन्याचा_डबा
ह्यावर भांडायला मजा आहे. स्मिथसन मूळचा पाथरवट, लाँगलीट ह्या मोठ्या घराच्या कामावर गवंड्यांचा प्रमुख होता, मग नॉटिंगहॅमचं वोलॅटन हॉल, १५८० ते १५८८. वोलॅटनच्या चर्चमध्ये त्याची कबर आहे आणि त्यावर त्याला 'आर्किटेक्टर अँड सर्व्हेअर' म्हटलंय, इंग्लंडात हा मान तेव्हा फारसा कुणाला नव्हता. त्याच्या कागदांत, जे आता लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सकडे आहेत, हार्डविकशी खूप जुळणारा एक आराखडा आहे. पण बांधकामाच्या हिशोबाच्या वह्यांत आर्किटेक्ट म्हणून त्याला ठरलेली फी दिली असं काही नाही. म्हणून नाव स्मिथसनचं घेतात, पण जपून.

बाकी कारागिरांची नावं मात्र सापडतात. दगडकाम जॉन आणि ख्रिस्तोफर रोड्स ह्या भावांनी केलं, ते वोलॅटनवरही होते. मघाशी घाटपायथांनी सांगितलं ते शिकारीचं प्लास्टर अब्राहम स्मिथचं. त्या काळी आराखडा कुणाचाही असला तरी जागेवर मालक आणि पाथरवट मिळून बदल करायचे. बेसने त्याआधी चॅट्सवर्थ बांधलं होतं, मग बापाचं जुनं हार्डविक वाढवून बांधत होती, ते पुरं व्हायच्या आतच शेजारी हे नवं सुरू केलं. साठी उलटलेली बाई, चाळीस वर्षं बांधकामं करून घेतलेली. तिला कुणी भिंतीबद्दल फसवू शकत नव्हतं.

इतिहासाची_ओढणी
+१
आणि सामान? दगड स्वतःच्या खाणीतला, लाकूड स्वतःच्या जंगलातलं, शिसं स्वतःच्या खाणींतलं, काच स्वतःच्या भट्टीतली. १५९० च्या नोव्हेंबरमध्ये चौथा नवरा गेल्यावर विधवा म्हणून मिळणारं उत्पन्न धरून ती इंग्लंडातली राणीखालोखालची श्रीमंत बाई झाली असं म्हणतात. बाजारातून एवढी काच विकत आणायची असती तर तिनेही दोनदा विचार केला असता.

फुकटफौजदार
चार नवरे आणि प्रत्येक वेळी इस्टेट वाढली. आमच्याकडे एका लग्नात पीएफ संपला.

रविवारचा_वाचक
चार नवऱ्यांची नावं मिळतील का, क्विझसाठी हवीयत.

इतिहासाची_ओढणी
रॉबर्ट बार्ली, सर विल्यम कॅव्हेंडिश, सर विल्यम सेंट लो, जॉर्ज टॅल्बट. मुलं फक्त कॅव्हेंडिशपासून. डेव्हनशायरचे ड्यूक त्याच वंशातले.

गवताची_गंजी
थोडं अवांतर पण दगडी घराचाच विषय आहे म्हणून विचारते. आम्ही पीक डिस्ट्रिक्टच्या कडेला एक जुनं दगडी कॉटेज घेतलंय, अठराव्या शतकातलं, ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे संरक्षित इमारतींच्या यादीतलं. घेताना सगळं छान दिसत होतं. पहिल्याच हिवाळ्यात उत्तरेकडच्या भिंतीला आतून ओल, वॉलपेपर सुटतोय, कपाटातल्या चपलांना बुरशी. आधीच्या मालकांनी बाहेरून सगळ्या दरजा सिमेंटने भरून घेतल्यात, दिसायला एकदम टापटीप. एका बिल्डरने सांगितलं आतून वॉटरप्रूफ केमिकल मारा, दुसरा म्हणतो भिंतीत इंजेक्शन द्या. काय करू?

चुन्याचा_डबा
काहीही मारू नका! आधी सिमेंट काढा.
जुनी दगडी भिंत पाणी अडवत नाही, ती पाणी पिते आणि सोडते. पाऊस थोडा आत जातो, मग चुन्याच्या दरजांतून वाळून बाहेर पडतो. सिमेंटने दरज बंद केली की पाण्याला यायची वाट मिळते, कुठल्या ना कुठल्या केसासारख्या भेगेतून, पण जायची मिळत नाही. मग ते आतल्या बाजूने बाहेर येतं, तुमच्या चपलांकडे. वर सिमेंट दगडापेक्षा कडक, त्यामुळे हिवाळ्यात बर्फ झालं की फुटतो तो दगड, दरज शाबूत. काही वर्षांनी दगड आत गेलेला आणि सिमेंटच्या रेघा बाहेर आलेल्या अशी भिंत दिसते, इंग्लंडातल्या प्रत्येक गावात एकतरी असते.
चुन्यात काम करणारा गवंडी शोधा. सिमेंट हाताने, छिन्नीने काढायचं, ग्राइंडर लावला तर दगडाच्या कडा जातात. लिस्टेड आहे म्हणजे काम सुरू करायच्या आधी स्थानिक कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरशी बोला, परवानगी लागते का ते लेखी घ्या, विनापरवाना बदल हा इथे गुन्हा धरतात. आणि हे सगळं एप्रिल ते सप्टेंबरमध्ये. थंडीत चुना लावायचा नाही.

डर्बीत_डोंबिवलीकर
थंडीत चुना म्हटल्यावर बेसची दंतकथा आलीच पाहिजे. तिला म्हणे कुणी ज्योतिषाने सांगितलं होतं की जोपर्यंत तुझं बांधकाम चालू आहे तोवर तुला मरण नाही. म्हणून बाई एक संपलं की दुसरं काढायची. १६०८ च्या हिवाळ्यात जबरदस्त गारठा पडला, चुना गोठला, गवंड्यांनी उकळतं पाणी घालून बघितलं, मग गरम बिअर घालून बघितली, काही उपयोग नाही, काम थांबलं आणि बाई गेली. फेब्रुवारी १६०८. वय ऐंशीच्या आसपास. ज्योतिषाचं राहू द्या, तो १६०७-०८ चा गारठा मात्र खरा, लंडनला थेम्स गोठली होती.

चुन्याचा_डबा
दंतकथा असली तरी रचणाऱ्याला बांधकाम कळत होतं. ताज्या चुन्यातलं पाणी गोठलं की ते फुगतं आणि सगळा मसाला भुसभुशीत होतो, वसंतात हाताने खरवडून निघतो. म्हणून तेव्हा हिवाळ्यात अर्धवट भिंतींच्या माथ्यावर गवत, पेंढा टाकून झाकून ठेवायचे आणि गवंड्यांना कामावरून मोकळं करायचे. बिअरने काय होणार होतं देव जाणे, गवंडी खूश झाले असतील.

काळाकभिन्न
आपल्याकडे चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे. बिअरपेक्षा बरं.

गवताची_गंजी
चुन्याचा_डबा, मनापासून आभार. नवऱ्याला प्रतिसाद वाचून दाखवला, तो म्हणाला केमिकलवाल्याला उद्याच नाही म्हणून कळव.

सांजवात_स्विंडन
दगडी घरांचा विषय आहे तर आपल्या माणसांनी सेझिनकोट बघायलाच हवं, ग्लॉस्टरशायरमध्ये मोरटन-इन-मार्शजवळ. १८०५ च्या सुमाराचं घर, कॉट्सवोल्डमध्ये, आणि वर तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट, छज्जे, कमानी, मुघल थाट. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी करून आलेल्या चार्ल्स कॉकरेलचं, आर्किटेक्ट त्याचा भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल. पुढे प्रिन्स रीजंट (नंतरचा राजा चौथा जॉर्ज) हे बघून गेला आणि मग त्याच्या ब्राइटनच्या पॅव्हिलियन ह्या महालाला भारतीय वळण लागलं.
आपला धागा कुठे जुळतो तर तिथल्या बागेतल्या पुलाचे खांब घारापुरीच्या लेण्यांवरून घेतलेत, वर नंदी बसलेत! सल्ला दिला होता थॉमस डॅनियल ह्या चित्रकाराने. तो मुंबईजवळची लेणी स्वतः बघून गेला होता, आणि वेरूळची चित्रं त्याने जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून छापली. वेल्स म्हणजे तोच, पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढणारा.

रविवारचा_वाचक
काय सांगता! घारापुरीचे खांब कॉट्सवोल्डमध्ये? आता जावंच लागणार.

पुणेरी_तिरका
खालच्या इंग्लिश खोल्या, वर मुघल टोपी. फॅन्सी ड्रेस आहे तो. पण नानांच्या चित्रकाराचा संबंध आहे म्हणून माफ.

घाटपायथा
धागा कुठून कुठे गेला, मजा येतेय. मूळ मुद्द्यावर परत येऊन एक विचारतो. एवढं मोठं घर, एवढे श्रीमंत वारस, मग त्यांनी पुढे मोडतोड का नाही केली? ड्यूक लोकांना दर पन्नास वर्षांनी नवीन फॅशन लागते. इथे तर आतली मांडणी बरीचशी तशीच वाटते.

इतिहासाची_ओढणी
कारण ते इथे राहिलेच नाहीत. डेव्हनशायर घराण्याचं मुख्य घर चॅट्सवर्थ. पहिल्या ड्यूकने १६८७ पासून पैसा तिथे ओतला, बेसचं मूळ चॅट्सवर्थ त्यात जवळजवळ पुसून गेलं. हार्डविक म्हणजे दुसरं घर, शिकारीला यायचं, जुनं सामान पाठवायचं, म्हाताऱ्या माणसांना ठेवायचं. तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज, जो कॅव्हेंडिशांच्या मुलांना शिकवायचा, तो १६७९ मध्ये इथेच वारला, जवळच्या ऑल्ट हकनॉलच्या चर्चमध्ये पुरलाय. दुर्लक्ष झालं म्हणून घर वाचलं. शेवटी १९५० मध्ये दहावा ड्यूक गेल्यावर वारसा कर एवढा लागला की १९५६ ला हार्डविक सरकारला द्यावं लागलं आणि १९५९ ला ते नॅशनल ट्रस्टकडे आलं. त्याच्या आधीच्या ड्यूकची विधवा, डचेस इव्हलिन, शेवटपर्यंत तिथे राहून फाटके पडदे, टॅपेस्ट्री शिवत बसायची. ती १९६० ला गेली.
शेजारचं जुनं हार्डविक मात्र अठराव्या शतकात पाडायला लागले, आता छप्पर नसलेल्या भिंती उरल्यात. त्या भिंतींवरही अब्राहम स्मिथच्या प्लास्टरचे तुकडे आहेत, उघड्या आकाशाखाली. नवं बघून दमलात तरी ते चुकवू नका.

सुमेधा_ब्रिस्टल
आणि छपरावरचं सांगायचं राहिलं. त्या सहा बुरुजांपैकी एकात बँक्वेटिंग हाउस होतं. म्हणजे जेवण खाली झालं की पाहुण्यांनी छपराच्या शिशाच्या पत्र्यांवरून चालत बुरुजात जायचं आणि तिथे गोडधोड आणि वाइन, चारी बाजूंनी नजारा. डेझर्टला टेरेसवर जायची आयडिया १५९७ ची आहे.

माडीवरची_मंदा
आम्ही कोजागिरीला गच्चीवर जातो, अजून ई एस लिहिलेलं नाही एवढंच.

रविवारचा_वाचक
सगळं वाचून एकच प्रश्न. एवढ्या खिडक्या, सिंगल काच, शिशाच्या पट्ट्यांतून वारा, टेकडीवर घर. गारठून मरत नव्हते का?

चुन्याचा_डबा
मरत होते की. फ्रान्सिस बेकन ह्या विचारवंताने पुढे एका निबंधात तक्रार केलीय की काही घरांत इतकी काच असते की उन्हापासून आणि थंडीपासून लपायला जागाच सापडत नाही. हार्डविकची १६०१ ची सामानाची यादी अजून उपलब्ध आहे. बाईंच्या झोपायच्या खोलीत पलंगाला जाड पडदे, त्यावर ब्लँकेटांचा ढीग, शिवाय दारापुढे आणि खिडकीपुढे टांगायला वेगळ्या रजया नोंदवल्यात. म्हणजे दाखवायला वरचा मजला, आणि राहायला मधल्या मजल्यावर खिडकीवर रजई. टॅपेस्ट्रीपण नुसती शोभा नाही, थंड भिंतीपासून आडोसा. घाटपायथा, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडून शेवटचं उत्तर हेच की बांधकाम म्हणून घर शंभर टक्के पास आहे, राहायची जागा म्हणून जेमतेम.

टॅक्सग्रस्त
आता डबल ग्लेझिंग बसवायला परवानगी मिळेल का?

डर्बीत_डोंबिवलीकर
ग्रेड वन आहे, संरक्षणाचा सगळ्यात वरचा दर्जा. नुसतं विचारलंत तरी ट्रस्टवाले तुम्हाला जंक्शन २९ पर्यंत सोडून येतील.